उरलेल्या कातरणांची गोधडी: पहिल्यांदा शिवणाऱ्यांसाठी

शिलाई मशीन असलेल्या घरात कातरणांची एक पिशवी असतेच. ब्लाऊजच्या बाह्या कापून उरलेलं कापड, परकराच्या घेरातले त्रिकोण, अस्तराच्या पट्ट्या, गळा कापताना निघालेल्या चकत्या. टाकवत नाही म्हणून ठेवलेलं आणि काय करायचं ते सुचत नाही म्हणून वाढत गेलेलं. मी सांगली जिल्ह्यात घरीच ब्लाऊज, परकर शिवते. अशा चार पिशव्या साठल्यावर मी पहिली गोधडी शिवायला घेतली, भाचीच्या बारशासाठी. इतकी सुरेख झाली की बारशाला आलेल्या बायका ती हातात घेऊन उलटीपालटी करून बघत होत्या. पहिल्याच धुण्यात तिची रया गेली. लाल खणाचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला, सुती चौकोन आटले आणि त्यांच्या मधले टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या सुताचे, चौकोन पुरीसारखे फुगून वर आले.

ती गोधडी घेऊन मी आत्याकडे गेले. आत्यानं आयुष्यभर वाकळा शिवल्या. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. तिनं चष्मा न लावता नुसता हात फिरवला, बिघडलेल्या प्रत्येक चौकोनावर तिचं बोट बरोबर थांबलं, आणि म्हणाली, "रंग मागनं बघायचा असतो गं. आधी हातानं बघायचं."

पुढे लिहिलेलं सगळं त्या वाक्यातूनच निघालं आहे. आमच्या भागात नवरात्राआधी दसरा काढतात. घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नाहीतर विहिरीवर न्यायचं, भिजवायचं, बडवायचं, पिळायचं आणि खडकावर वाळत घालायचं. दरवर्षीच्या त्या धुण्यातून वाकळ धड निघाली पाहिजे, या हिशोबानं आत्या कापड निवडते. तुमच्या घरी वॉशिंग मशीन असलं तरी कसोटी तीच धरा.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकू. गोधडी आणि रजई एक नव्हे. रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत कापसाचं काम नाही. कापडावर कापड अंथरून सगळे थर धावदोऱ्यानं एकत्र धरलेले असतात. म्हणून तर ती नदीवर नेऊन बडवता येते.

पहिल्या खेपेला मोठी गोधडी घेऊ नका. बाळाचं दुपटं शिवा, ३६ बाय ३६ इंचाचं. तेवढ्यात सगळ्या पायऱ्या हाताखालून जातात आणि रोज तासभर बसलात तर तीन-चार आठवड्यांत काम संपतं. खाली सगळी मापं याच दुपट्याची दिली आहेत.

काय काय जवळ हवं

- सुती कातरणं. ८१ चौकोन लागतील. सगळे मिळून साधारण १ मीटर कापडाइतका ऐवज होतो. वाया जाणारं धरून दीडपट कातरणं काढून ठेवा.
- एक जुनी सुती साडी. खालचा थर आणि मधले दोन थर एका साडीत भागतात.
- जाड पुठ्ठा, साचा कापायला. लग्नपत्रिकेचा चालत नाही, कडा झिजतात. वहीच्या कव्हराचा घ्या.
- कापडासाठीच राखलेली धारदार कात्री. तिनं कागद कापू नका.
- मोजपट्टी, शिंप्याचा खडू, टाचण्या.
- मशीनसाठी १४ नंबरची सुई आणि नेहमीचं सुती रीळ.
- धावदोऱ्यासाठी लांब, मोठ्या नेढ्याची सुई आणि जाड सुती दोरा. दोरा ६० मीटर तरी एकाच रंगाचा असू द्या.
- मेणाचा तुकडा आणि मधल्या बोटात घालायची टोपी.
- इस्त्री.

दाभण आणू नका. ते पोती शिवायचं हत्यार, सुती कापडात त्याची भोकं तशीच राहतात. दोरा विकत घेताना एक हात लांबीचा तोडून ओढून बघा. झटक्यासरशी तुटला तर तो दोरा गोधडीच्या कामाचा नाही. भरतकामाची चकचकीत लडीही नको, वर्षभरात तिचे टाके झिजतात.

१. पिशवी जमिनीवर ओता आणि हातानं वेगळं करा

नवखी बाई पहिल्यांदा रंगांचे ढीग लावते. मीही तेच केलं होतं. तुम्ही ढीग पोताप्रमाणे लावा. डोळे मिटून दोन तुकडे दोन हातांच्या चिमटीत चोळा. जाडी सारखी लागली तर एका ढिगात, नाहीतर वेगळे. पॉपलिन, टू बाय टू, केंब्रिक आणि वापरून मऊ झालेली सुती साडी ही मंडळी एकमेकांशेजारी सुखानं नांदतात. जीन्स, पडद्याचं कापड, जाड खादी यांचा वेगळा ढीग. त्याची पायपुसणी आणि बसायची आसनं छान होतात, दुपटं होत नाही. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड, शिफॉन, जॉर्जेट, सॅटिन बाजूला ठेवा.

हाताला कळत नसेल तर जाळून बघा. तुकड्यातून चार धागे उपसा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि राख बोटात धरताच विरते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी धरतं. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. राखही पडते आणि बारीक खडाही लागतो, तेव्हा ते टेरिकॉटसारखं मिश्रण समजा आणि सुती ढिगात टाकू नका.

खणाच्या बाबतीत विशेष जपा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे घरोघर असतो आणि गोधडीत त्याची चमक खुलते, हे खरं. पण खणात सूत आणि रेशमी धागा दोन्ही असतात, आणि हल्ली तो रेशमी धागा पुष्कळदा कृत्रिम असतो. खणाचे तुकडे मी आता रोज धुतल्या जाणाऱ्या दुपट्यात घालतच नाही. भिंतीवर लावायच्या किंवा खुर्चीवर टाकायच्या कामासाठी राखून ठेवते. जरीचे काठही तसेच. बाळाच्या गालाला जर टोचते.

घरची कातरणं पुरली नाहीत तर कुठून आणाल? शाळेचे गणवेश शिवणाऱ्याकडून नको, तिथे बहुतेक टेरिकॉट. परकर आणि गाऊन शिवणाऱ्यांकडे सुती पॉपलिन जास्त मिळतं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईकडे अस्तराचे तुकडे मागा, कुणी नाही म्हणत नाही. किलोवर मिळणारी मिश्र कातरणं मी एकदा आणली. निम्म्याहून जास्त टेरिकॉट निघालं. किलोवर घ्यायचीच झाली तर पोतं सोडायला लावा, आत हात घालून तळातले चार-पाच तुकडे चोळून बघा. वर दाखवायला चांगलं ठेवलेलं असतं.

जुन्या साडीचं कापड घेताना ते उजेडासमोर धरा. जिथे धागे विरळ होऊन उजेड आरपार दिसतो, तो भाग सोडून द्या. कमरेला खोचला जाणारा आणि निऱ्यांच्या आत दडलेला भाग सगळ्यात दमदार राहिलेला असतो. बसण्याच्या जागेचा आणि फॉलजवळचा भाग आधी जातो. दोन्ही अंगठ्यांनी हलका ताण द्या. चर्र आवाज आला तर ते जुनेर उशीत भरायला ठेवा.

२. धुवा, खळ काढा, रंग तपासा

न धुता कापायला बसणं ही सगळ्यात महाग पडणारी घाई. नव्या सुती कापडाला खळ असते. ती निघाली की कापड आटतं, आणि प्रत्येक कापड सारखं आटत नाही. आधीच मऊ झालेल्या साडीशेजारी न धुतलेलं कोरं पॉपलिन शिवलं, तर पहिल्या धुण्यात दोघांच्या सांध्यावर चुण्या पडणार.

सगळी नवी कातरणं रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी पाणी गढूळ आणि हाताला बुळबुळीत लागेल, ती खळ. दुसऱ्या पाण्यात साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा. बारके तुकडे मशीनमध्ये सुटे टाकू नका, धागे सुटून गुंता होतो. जुन्या उशीच्या अभ्र्यात भरा, तोंड बांधा आणि मग टाका.

लाल, मरून, गर्द निळा आणि काळा यांना वेगळं काढा. प्रत्येकाचा छोटा तुकडा पांढऱ्या वाटीत कोमट साबणपाण्यात अर्धा तास ठेवा, मग ओलाच पांढऱ्या कापडावर दाबा. डाग पडला तर ते कापड पुन्हा धुवा. तीन धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर त्याचा मोह सोडा. मीठ, तुरटी, व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं बऱ्याच जणी सांगतील. रंगवून बाजारात आलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्यानं बांधला जात नाही. मी तिन्ही करून पाहिलं आहे, त्या बारशाच्या गोधडीवरच.

वाळल्यावर इस्त्री करा. सुरकुतलेल्या कापडाचा चौकोन कधीच चौकोन निघत नाही.

३. साचा करा आणि कापा

चौकोन शिवून झाल्यावर ४ इंचाचा दिसायला हवा. शिवणीसाठी चारही बाजूंना पाव-पाव इंच सोडायचं, म्हणून पुठ्ठ्याचा साचा साडेचार इंचाचा करा. या सोडलेल्या कापडाला आपल्याकडे शिंपी माया म्हणतात. परकऱ्या पोरीचं झंपर शिवताना पुढच्या वर्षी उसवून वाढवता यावं म्हणून आत ठेवलेली ती माया. हा शब्द पहिल्यांदा ज्या कुणाला सुचला, त्याला कापड आणि माणूस दोन्ही कळत होतं असं मला दरवेळी वाटतं.

साचा ठेवताना कापडाचा उभा-आडवा धागा बघा. साच्याची कड धाग्याला समांतर हवी. तिरकं कापलं की तो तुकडा उरेब होतो, ओढला की लांबतो, आणि शिवताना त्याची कड नागमोडी होते. कातरणात धागा कुठे जातो ते कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून काढा. तो जिथून निघाला ती रेघ तुमची वाट दाखवते. विणीची घट्ट किनार चौकोनात घेऊ नका, ती उरलेल्या कापडापेक्षा वेगळी आटते.

एकावर एक सहा-सात तुकडे ठेवून एकदम कापायचा मोह आवरा. घरच्या कात्रीला दोनच झेपतात. तिसऱ्यापासून खालचा तुकडा सरकतो.

साडेचार इंच न निघणारे तुकडे फेकू नका. दोन पट्ट्या जोडून त्यातून चौकोन काढता येतो. त्याहून बारक्यांची रीत पुढे पाचव्या पायरीत आहे.

४. मांडा, मग जोडा

रांगेत ९ आणि अशा ९ रांगा, एकूण ८१. जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि त्यावर सगळे चौकोन मांडा. आता रंग बघायची वेळ आली. मी आधी सगळ्यात गडद १२-१५ तुकडे दूर दूर पेरते, मग सगळ्यात फिके, मग बाकीचे त्यांच्या मधे सोडते. मांडून झालं की उठून दाराशी जाऊन बघा, किंवा मोबाईलवर फोटो काढून तो छोटा करून बघा. दोन गडद तुकडे चिकटून बसलेत का ते लगेच कळतं. एक रात्र तसंच ठेवता आलं तर ठेवा. सकाळी नजर ताजी असते. घरात लहान मूल असेल तर मात्र लगेच गोळा करा. प्रत्येक रांगेचे ९ तुकडे डावीकडून उजवीकडे एकावर एक रचा, टाचणी लावा आणि वर रांगेचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

जोडताना सुलटी बाजू सुलटीवर ठेवून पाव इंच आत टीप मारा. मशीनच्या दाबपट्टीशेजारी लोखंडी पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून ठेवा आणि कापडाची कड तिला भिडवून चालवा. इथे सुतभर चूक झाली तर ती आठ वेळा होते, आणि रांग बोटभर आखूड निघते. पहिली रांग झाली की मोजा. साडेछत्तीस इंच भरली पाहिजे, कारण दोन टोकांची माया अजून बाकी आहे.

रांगा एकमेकींना जोडण्याआधी इस्त्री करा. पहिल्या रांगेतल्या सगळ्या शिवणी डावीकडे झोपवा, दुसरीतल्या उजवीकडे, तिसरीतल्या पुन्हा डावीकडे. रांगा समोरासमोर आल्या की शिवणी एकमेकींत अलगद अडकतात. बोटाला तो सांधा कळतो, तिथेच टाचणी लावा. एवढं केलं की चार चौकोनांचे कोपरे एका बिंदूत मिळतात. न केल्यास तिथे कापडाचे आठ पदर एकाच बाजूला चढतात आणि पुढे धावदोरा घालताना सुई मोडते.

मशीन नसेल तरी अडत नाही. हातानं बारीक धावदोरा घाला, दर चार बोटांवर एक उलट टाका घ्या.

५. बारक्या चिंध्यांची दुसरी रीत

बोटभर पट्ट्या, त्रिकोण, गळ्याच्या चकत्या. यांचे चौकोन करत बसलात तर अर्धं कापड मायेतच जाईल. यासाठी मला सगळ्यात आवडलेली रीत कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला या लोकांची वस्ती आहे. पूर्वज आफ्रिकेतले, त्यातले बरेच गोव्यातून घाटावर आलेले, आणि त्यांच्या बोलण्यात कोकणी-मराठी सहज सापडते. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिच्यात वरचा थर वेगळा शिवून तयार करतच नाहीत. खाली साडी अंथरायची, चिंधी थेट तिच्यावर ठेवायची, कड बोटानं आत दुमडायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत पुढे जायचं. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं फिरत मधे पोचायचं. पुढची चिंधी आधीच्या चिंधीची उघडी कड झाकते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडीबोडकी राहिली असं त्या मानतात.

पहिल्यांदा करताना १५ इंचाच्या आसनावर हात बसवा. चिंधी निदान दोन बोटं रुंद हवी, म्हणजे दोन्ही कडा दुमडून मधे काही उरतं. पाव इंचाहून कमी दुमडलं तर धुण्यात कड निसटते. इस्त्रीनं आधी सगळ्या कडा मोडून घेतल्या तर काम दुप्पट वेगानं होतं.

६. थर लावा

साडीचे ४० इंच लांबीचे तीन तुकडे काढा. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो, तेव्हा रुंदीची काळजी नाही. एक तुकडा खालचा, दोन मधले. वर जोडलेला चौकोनांचा थर. एकूण चार. यापेक्षा जास्त थर पहिल्या खेपेला घेऊ नका; पाचव्या थराला नवख्या हाताची सुई अडायला लागते आणि टाके लांबतात. मधे सोलापुरी चादर घालावी का, असं मला दोन-तीन जणींनी विचारलं. नको. तिची वीणच जाड असते, तिच्यातून धावदोरा ओढताना बोटं सोलतात.

फरशी पुसून कोरडी करा. खालचं कापड उलटी बाजू वर करून पसरा, ताणून नव्हे, नुसतं सपाट. आत्या चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटाचं टोक, पाण्यानं भरलेला तांब्या, जे हाताशी येईल ते वजन ठेवायची. प्रत्येक थर पसरल्यावर मधून बाहेरच्या दिशेनं तळव्यानं हवा काढा.

आता कच्चा दोरा घाला, आणि ही पायरी टाळू नका. मधल्या चौकोनापासून सुरू करून चारी दिशांना लांब लांब टाके घालत कडेपर्यंत जा, दर चार इंचांवर एक रेघ, उभी आणि आडवी. नुसत्या टाचण्यांवर भागवलं तर उचलाउचलीत निम्म्या गळतात आणि एखादी आत राहते. बाळाच्या वस्तूत ती जोखीम नको.

७. धावदोरा

इथून पुढचं काम घाईचं नाही.

दोरा खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत येईल एवढाच घ्या. जास्त घेतला की वेळ वाचत नाही, गुंता वाढतो. दोरा मेणावरून दोनदा ओढा. तो थरांतून सुळकन जातो. टोकाला एकच बारीक गाठ मारा, सुई वरच्या थरातून आत घालून हलका हिसका द्या. टक् असा आवाज होतो आणि गाठ थरांच्या आत बसते. बाहेर दिसणारी गाठ आधी झिजते.

आपल्याकडची जुनी रीत म्हणजे एका कोपऱ्यापासून कडेला समांतर जायचं, कोपऱ्यावर वळायचं, पुन्हा कडेनं, असं चौकोनी फिरत मधे येऊन संपवायचं. मला हीच रीत प्रिय आहे, कारण मधे उभं राहून पाहिलं की पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखी ती दिसते. तिचा धोका एकच. कापड पुढे पुढे ढकललं गेलं तर सगळा ढिलेपणा मधे गोळा होऊन फुगा येतो. कच्चा दोरा नीट घातला असेल तर तसं होत नाही. तरी प्रत्येक फेरीनंतर दुपटं फरशीवर पसरून तळवा फिरवा. मधे कापड उचललेलं वाटलं तर आताच तेवढी फेरी उसवा. दोन फेऱ्यांनंतर उसवायचा धीर होत नाही.

पहिली फेरी कडेपासून इंचभर आत घाला, म्हणजे काठ दुमडायला जागा राहते. दोन फेऱ्यांत १ इंच अंतर ठेवा. सगळ्या फेऱ्यांचा मिळून दोरा ४० मीटरच्या आसपास लागतो. तोडातोड आणि गाठी धरून ६० मीटर घ्या म्हटलं ते यासाठी. अर्ध्या इंचावर फेऱ्या घातल्यात तर दुपटं जास्त टिकेल, पण दोरा आणि दिवस दोन्ही दुप्पट.

टाका कसा घ्यायचा ते आत्याचा हात बघून मला उमगलं. ती एक पाय लांब करून बसते, वाकळ मांडीवर येते. डावा तळवा वाकळीच्या खाली. उजव्या हातानं सुई जवळजवळ उभी खाली घालते, खालच्या बोटाला टोक नुसतं हुळहुळलं की तेच बोट सुईला वर ढकलतं. सुई वर दिसली की पुन्हा खाली. असे चार-पाच टाके सुईवर ओवून झाले की मग एकदाच दोरा ओढते. तिच्या डाव्या तर्जनीच्या टोकावर कातडीचा पिवळट, टणक ठिपका आहे. खालच्या बोटाला सुई कळणं हीच खूण, नाहीतर खालचा थर टाक्यातून सुटतो आणि उलट्या बाजूला दोरा दिसतच नाही. दर फेरीला वाकळ उलटून तेवढं तपासा.

इंचाला चार टाके पडले तर चांगलं, पाच पडले तर फार चांगलं. पण संख्येपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. मोठे टाके बाळाच्या पायाच्या बोटात अडकतात आणि तटकन तुटतात. दोरा ओढताना कापडाला चुणी पडेल इतका ओढू नका. तो कापडावर नुसता टेकलेला असावा.

दोरा संपत आला की शेवटी एक उलट टाका घ्या, सुई थरांच्या मधून दोन इंच पुढे नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा.

सवय नसेल तर एका बैठकीत तासाभराहून जास्त बसू नका. मान आणि मनगट दोन्ही धरतात. दुपारच्या उजेडात खिडकीशी बसा. ट्यूबलाइटखाली गडद कापडावर टाका वाकडा जातो आणि सकाळी लक्षात येतं.

८. काठ

वरचे तीन थर एका रेषेत कापा. खालचं कापड मात्र चारही बाजूंनी १ इंच जास्त सोडून कापा. ते अर्धा इंच आत दुमडा, पुन्हा अर्धा इंच वर आणून चौकोनांच्या कडेवर बसवा, टाचणी लावा आणि हातानं बारीक टाक्यांनी पक्कं करा. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग उरलेल्या दोन. कोपऱ्यात जास्तीचं कापड थोडं कापून टाका, नाहीतर तिथे गाठोडं होतं.

वेगळ्या कापडाचा गोट लावायचा असेल तर सरळ पट्टी पुरते. सरळ कडेला उरेब पट्टी लागते असं सांगून कुणी तुमचं मीटरभर कापड वाया घालवायला लावेल. उरेब पट्टी गोल कोपऱ्यांनाच हवी.

काठ झाला की कच्चा दोरा उसवून टाका. सगळं दुपटं बाजू बदलून उजेडात धरा आणि टाचण्या मोजा. जेवढ्या लावल्या तेवढ्या डबीत परत आल्या पाहिजेत.

९. पहिलं धुणं

कुणाला देण्याआधी ते घरी धुवा. साध्या पाण्यात, सौम्य साबणानं, वेगळं. पिळू नका, दोन हातांत दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवं पसरा. दोरीवर एका कडेनं टांगलं तर ओल्या कापडाचा भार सगळा एका फेरीवर येतो. वाळल्यावर थोडं आटलेलं आणि टाक्यांच्या मधे हलकं फुगलेलं दिसेल. ते तसंच हवं. त्या फुगवट्यात हवा धरली जाते आणि ऊब त्यातूनच येते. इस्त्री करून ते दाबून टाकू नका.

बाळाला चिंध्यांचं कशाला, असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच. आपल्याकडे तान्ह्याच्या अंगाला पहिलं कापड जुनेरातलं लावायची पद्धत आहे, ते मऊ असतं, खळ गेलेली असते, टोचत नाही. तुम्ही दुसऱ्या पायरीत जी मेहनत घेतलीत, ती याचसाठी. दुपटं त्यांच्या हातात द्या आणि गालाला लावून बघा म्हणा.

इतकं करून तळाशी जो भुगा उरेल, त्यातला सुती भुगा कात्रीनं आणखी बारीक करून छोट्या उशीत भरा, ठासून नको, दगड होतो. थोड्या लांब चिंध्या असतील तर पीळ देऊन त्यांची चुंबळ करा. गॅसवरून उतरवलेलं पातेलं तिच्यावर छान बसतं. गरम भांड्याजवळ टेरिकॉटचा एक धागाही जाऊ देऊ नका, वितळून भांड्याला चिकटतो. टेरिकॉटची कातरणं मी वेगळ्या पिशवीत ठेवते आणि पिशवीवर तसं लिहिते. त्यांचं पायपुसणं होतं, तेही दणकट.